अजून मागं घे

कोल्हापुरात टीम जिंकली की मिरवणूक निघते आणि हरली की पंचनामा होतो. मिरवणुकीला गुलाल लागतो, हलगी लागते, पोलिसांची परवानगी लागते. पंचनाम्याला एक कट्टा पुरतो आणि त्या कट्ट्यावर हजर नसलेला एक माणूस.

ही गोष्ट जुन्या पेठेतल्या एका तालमीची. नाव सांगत नाही. सांगितलं तर ती पेठ म्हणेल बदनामी केली आणि शेजारची पेठ म्हणेल, आमच्यावर का नाही लिहिलं? बाहेरगावच्या वाचकाला एवढं सांगायला हवं, की या शहरात फुटबॉलच्या बहुतेक टीमा तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या असतात. आत लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, शेजारी शाहू महाराजांची तसबीर आणि खाली काचेच्या कपाटात फुटबॉलचे चषक. कुस्तीच्या घरात फुटबॉल वाढला, पण कुस्तीची एक सोय त्याला मिळाली नाही. पैलवान हरला की पाठ कुणाची लागली ते सगळ्या मैदानाला दिसतं. वाद उरत नाही. अकरा जण हरले की पाठ कुणाची लागली हे नंतर ठरवावं लागतं.

त्या वर्षी या तालमीचं सगळंच बिनसलं होतं. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला तेव्हापासून टीम हरत होती आणि वळवाचे ढग दिसायला लागले तरी हरतच होती. लीगचा शेवटचा सामना आला तेव्हा हिशेब सोपा होता: बरोबरी झाली तर वरच्या गटात राहायचं, हरलं तर खालच्या गटात जायचं. पेठेतली निम्मी दुकानं दुपारी तीनलाच बंद झाली. शाहू स्टेडियम भरलं. हे स्टेडियम जिथं आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं, आणि पोरं पहाटे सराव करतात ते गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ. कोल्हापूरनं तळी बुजवून मैदानं केली. त्यातलं गांधी मैदान अजून दर पावसाळ्यात आपलं मूळ दाखवतं, तो भाग वेगळा.

सामना थोडक्यात सांगतो, कारण त्यात लांबवण्यासारखं फार नव्हतं. पहिल्या अर्ध्यात समोरच्यांचा उजवा विंगर आपल्या डाव्या बाजूनं घुसला, त्यानं क्रॉस टाकला आणि त्यांच्या फॉरवर्डनं गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात मायकेलनं डोक्यानं बरोबरी साधली. मायकेल लागोसचा. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ते पेठेत कुणाला म्हणता येत नाही. शेवटची चार मिनिटं उरली. बरोबरी पुरेशी होती. तोच विंगर पुन्हा त्याच बाजूनं सुटला. क्रॉस येणार म्हणून गोलकीपर सोन्यानं जवळच्या पोस्टापासून एक पाऊल पुढं टाकलं. विंगरनं क्रॉस टाकलाच नाही. चेंडू सोन्या आणि पोस्ट यांच्यामधल्या फटीतून आत गेला.

दोन-एक.

रात्री साडेआठला कट्टा भरला.

याच हंगामात ही टीम एकदा शून्य-पाचनं हरली होती. त्या दिवशी कट्टा दहा मिनिटांत पांगला. लोक म्हणाले, टीमच भंगार हाय, आणि जेवायला गेले. पाच गोलांनी हरलेल्या सामन्यात एवढे दोषी असतात की कुणालाच धरता येत नाही. एका गोलानं हरलं की मात्र माणूस मागं बोट दाखवत जातो, आणि कुठंतरी त्याला एकच चेहरा सापडतो. तो चेहरा एकोणीस वर्षांचा असेल तर फारच बरं. तो उलटून बोलत नाही.

“पैले म्या सांगतो,” सरकार म्हणाला. सरकारचं नाव सरकार नाही. त्याचा टेम्पो आहे, टेम्पोच्या मागं ‘सरकार’ लिहिलंय, म्हणून तो सरकार. “जवळचा पोस्ट सोडतोय कोण? शाळंतलं पोरगं सोडत न्हाई. सोन्यानं सोडला. विषय संपला.”

“रेफ्रीनं थ्रो चुकीचा दिल्ता त्याआधी,” कोणीतरी म्हणालं.

“रेफ्रीचं काय काढतोस? थ्रोनं गोल झाला व्हय?”

“मास्तरांनी थोरल्याला काढायला पाहिजे हुतं. त्यो लंगडत हुता.”

मास्तर म्हणजे प्रशिक्षक. शाळेत पीटी शिकवतात, संध्याकाळी इथं फुकट येतात. ते कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, “काढून घालायचा कुणाला?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तो ऐकला नाही.

“मायकेल! पहिल्या हाफला मोकळा चान्स घालवला. हितनं म्या मारला असता.”

“गोल कुणी केला मग? तुझ्या काकानं?”

“एक केला म्हणून काय झालं? पैसे घेतोय त्यो.”

इथं सेक्रेटरींना खोकला आला.

गाडी फिरून फिरून पुन्हा सोन्यावर यायची. कारण मायकेल दिसायला धिप्पाड, मास्तर समोर बसलेले, रेफ्री दुसऱ्या पेठेतला. सोन्या तिथं नव्हता. सामना संपल्यावर पोलिसांनी दोन्हीकडच्या समर्थकांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं, त्या गर्दीत तो कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. कुणी तरी म्हणालं, त्याचा मामा समोरच्या पेठेत राहतो. आता मामा कोल्हापुरात प्रत्येकाचाच कुठल्या ना कुठल्या पेठेत राहतो. पण रात्रीच्या नऊ वाजता, हरलेल्या कट्ट्यावर, त्या वाक्याला वेगळं वजन आलं. “व्हय व्हय,” म्हणून दोघांनी माना हलवल्या. पंचनाम्याला पुरावा मिळाला होता.

बापू तोवर बोलले नव्हते. बापू म्हणजे या तालमीचे जुने गोलकीपर. आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं. हाताची दोन बोटं वाकडी आहेत; एक लेथनं वाकवलं, एक फुटबॉलनं. कुठलं कशानं हे ते दर वेळी वेगळं सांगतात.

“बंट्या,” बापू म्हणाले, “तुझ्याकडं शूटिंग हाय न्हवं?”

बंट्या कॉलेजात जातो. अंगात कायम ब्राझीलची पिवळी जर्सी. वर्ल्डकप आला की पेठेत नेमारचं कटआउट उभं करणाऱ्यांत हाच पुढं. सामन्याचं शूटिंग त्यानं गॅलरीतून केलं होतं. त्यानं मोबाइल काढला आणि गोलावर आणून थांबवला. दहाबारा डोकी एका पडद्यावर वाकली.

“ह्ये बघा!” सरकार ओरडला. “एक पाऊल! दिसालंय का?”

दिसत होतं. सोन्या पोस्टापासून एक पाऊल पुढं होता. त्यावर वाद नव्हता.

“मागं घे,” बापू म्हणाले.

बंट्यानं मागं घेतलं. विंगर थोरल्याला वळसा घालून सुटत होता. थोरला वळला तोवर तीन हात मागं पडला होता.

“थोरला कुठल्या पायाचा?”

“उजव्या.”

“जागा कुठली?”

कोणी बोललं नाही. डावी होती. थोरला मूळचा मधला बचावपटू, वय चौतीस, आणि उजव्या पायाचा माणूस डाव्या बाजूला सगळा हंगाम उभा होता.

“अजून मागं घे.”

मायकेलकडून चेंडू सुटला होता, आणि तो कमरेवर हात ठेवून उभा होता. परत धावला नव्हता.

“बघा! ह्येला काय झाल्तं पळायला?” सरकारला नवा मुद्दा मिळाला. “पैसे मोजून आणलाय!”

“मोजले कुणी?” बापूंनी विचारलं. “सेक्रेटरी, किती महिन्यांचं ऱ्हायलंय तेचं?”

सेक्रेटरींचा खोकला थांबेना. शेवटी म्हणाले, “दोन. वर्गणी जमली न्हाई. वहीत आकडे हायेत, पैसे न्हाईत.” आणि वही उघडण्याची गरज नसताना त्यांनी सरकारकडं पाहिलं. सरकारनं गणपतीत आरतीनंतर, माइकवरून, पाच हजार जाहीर केले होते. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडल्यावर पैसे दिल्यासारखंच वाटतं माणसाला.

“अजून मागं घे. आणि आवाज लाव जरा.”

“आवाज कशाला, बापू?”

“लाव की.”

आतापर्यंत सगळे मुक्या चित्राकडं पाहत होते. बंट्यानं आवाज वाढवला. मोबाइल गॅलरीत होता, त्यामुळं मैदानातली शिट्टी लांबून आणि गॅलरीतली माणसं अगदी कानाशी ऐकू यायला लागली. पहिला आवाज सरकारचा निघाला. “ए सोन्या, सोडू नगो रे आता, तुझं हाय सोडायचं काम!” मग हशा. मग दुसरा कोणी: “थोरल्या, घरला जा, नातवंडं वाट बघालीत!” मग सोन्याला शिव्या, इथं छापता न येणाऱ्या. गोलाच्या आधीच्या अकरा मिनिटांचं ते शूटिंग होतं, आणि त्या अकरा मिनिटांत समोरच्या टीमबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. सगळं आपल्याच पोरांना.

कट्ट्यावरून पानाची पिचकारी मारायला दोघं उठून गेले.

“तसं मॅचला म्हणत्यातच की,” एकजण म्हणाला. “उत्साहात.”

“म्हणत्यात,” बापू म्हणाले. “अजून मागं घे.”

“संपलं बापू. हितनंच चालू केल्तं म्या.”

“दुसरं असंल की. थोरल्याच्या आधी डावीकडं कोण खेळायचं?”

आता बंट्याला कळलं. त्यानं मोबाइल खिशात घालायला बघितला, पण पोरं वाकलेली होती, मोबाइल हातात उघडा होता, आणि बापूंचं वाकडं बोट पडद्यावर होतं. बोटानं फोटो सरकत गेले. दांडिया, गणपती, कुणाचं लग्न, पन्हाळ्याची ट्रीप, पाऊस, आणि मागच्या वर्षीचा मे महिना.

तो व्हिडिओ पाऊण मिनिटाचा होता. रात्रीची वेळ, पेठेतलंच एक घर. दारात पंचवीस-तीस माणसं, एक हलगी. “इंद्या, बाहेर ये!” इंद्या म्हणजे टीमचा डावा बचावपटू, जन्मजात डाव्या पायाचा, असला पोरगा दहा वर्षांत एखादा निघतो. आदल्या हंगामात उपांत्य सामन्यात त्यानं गोलकीपरकडं मागं दिलेला चेंडू आपल्याच जाळीत गेला होता. एक-शून्य. त्या रात्री हा व्हिडिओ. दाराला चपलांचा हार लावताना एक हात दिसत होता. हातात सरकारचं कडं. शूटिंग करणारा हसत होता, म्हणून चित्र हलत होतं. खिडकीत कुणीतरी आलं आणि दिवा बंद झाला.

इंद्यानं त्यानंतर पायात बूट घातले नाहीत. शिरोलीला फाउंड्रीत लागला.

थोरला डावीकडं का उभा होता, हे कट्ट्याला माहीत होतंच. माहीत असलेली गोष्ट पडद्यावर यायला वर्ष लागलं.

सरकार रागीट आहे, पण मूर्ख नाही. तो म्हणाला, “म्हंजे काय बापू? कुणीच चुकलं न्हाई म्हणायचं? सोन्यानं पाऊल टाकलं न्हाई? उद्या कुणीबी गोल खायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या? असं असंल तर मॅच कशाला बघायची?”

हा प्रश्न बरोबर होता. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात बरोबर प्रश्न तोच.

“चुकला की सोन्या,” बापू म्हणाले. “एक पाऊल चुकला. मी कुठं न्हाई म्हणालोय? मी इचारतोय, एका पावलाला किती वर्सं?”

सरकारला कळलं नाही. बापू बंट्याकडं वळले.

“अंगात काय हाय रं तुझ्या?”

“ब्राझील.”

“रंग?”

“पिवळा. ब्राझील पिवळंच असतंय की.”

“१९५० साली पांढरं हुतं. म्हाईत हाय का, कशानं बदललं?”

बंट्याला रोनाल्डिन्योचे गोल पाठ होते, नेमारच्या केसांच्या सगळ्या तऱ्हा पाठ होत्या. हे ठाऊक नव्हतं.

बापू सांगायला लागले, आणि गोलकीपर गोलकीपरची गोष्ट सांगतो तेव्हा मध्ये कुणी बोलत नाही. १९५०च्या जुलैची १६ तारीख. रिओचं माराकाना स्टेडियम. नुसती विकलेली तिकिटंच पावणेदोन लाखांच्या घरात. वर्ल्डकपचा निकाल लावणारा सामना ब्राझील आणि उरुग्वेचा, आणि ब्राझीलला नुसती बरोबरी हवी होती. “आपल्यावानी,” बापू म्हणाले. मध्यंतरानंतर लगेच ब्राझीलनं गोल केला. मग उरुग्वेचा उजवा विंगर घिगिया बाजूनं घुसला, त्यानं क्रॉस दिला आणि स्कियाफिनोनं बरोबरी साधली. अकरा मिनिटं उरली असताना तोच घिगिया त्याच बाजूनं पुन्हा सुटला. आडवा आलेला बिगोडे मागं पडला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं, मघासारखाच क्रॉस येणार. तो पोस्टापासून जरासा हलला.

“आणि चेंडू फटीतनं आत,” बंट्या म्हणाला. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“ह्योच गोल. मी आज स्टेडियमात बघितला तवा अंगावर काटा आला.”

“मग?”

“मग काय. देशानं कट्टा भरवला. बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल, तिघं दोषी. तिघंबी काळे. त्यात गोलकीपर सगळ्यात दोषी. १९९३ साली म्हातारा झाल्यावर टीमला भेटाय गेला, तर अपशकुन नको म्हणून आत सोडला न्हाई. त्यो म्हणायचा, ब्राझीलमधी मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्सांची, मी पन्नास वर्सं भोगालोय. २००० साली मेला. एका पावलाचं.”

“आणि जर्सी?”

“माणसाला धुऊन झाल्यावर कापडाला धरलं. पांढरा रंग पनवती. वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली, एका तरुण पोरानं पिवळी जर्सी काढून धाडली, ती १९५४ला घातली. पुढं पाच वर्ल्डकप आले ते बरं झालं. पण तू जे अंगात घालून सोन्याला शिव्या घालालायस, ते आलंय त्यातनं.”

बंट्यानं जर्सीची कॉलर ओढली, उगीचच. मग त्याला एक आठवलं. “पण २०१४ला तर जर्मनीनं सात घातले. बेलो होरिझोंटेला. सात-एक.”

“गोलकीपर कोण हुता?”

“ज्युलिओ सेझार.”

“तेला घातली का कुणी पन्नास वर्सं?”

“न्हाई.”

“सात खाल्ले म्हणून वाचला,” बापू म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं.

तेवढ्यात सोन्याची आई आली. हातात पिशवी. पेठेतल्या बायका एरवी रात्री तालमीच्या कट्ट्यावर येत नाहीत. माणसं उठून उभी राहिली. तिनं पिशवी बापूंसमोर ठेवली. “बापू, जर्सी आणि ग्लोव्ज हायेत. जर्सी मी धुतलो, अजून वल्लीच हाय. त्यो म्हणालाय, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. माळ्यावर जाऊन पडलाय, मोबाइल बंद करून.”

“काकी, तसं न्हाई...” सरकार म्हणाला आणि पुढं त्याला काही सुचलं नाही.

तिची नजर बंट्याच्या हातातल्या मोबाइलवर गेली. त्यावर इंद्याचं दार अजून थांबलेलं होतं, हारासकट. तिनं ते ओळखलं. कट्ट्याला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोललं तर ऐकून घ्यावं लागणार.

“त्या रात्री मीबी गेल्तो,” ती म्हणाली. “हलगी वाजाय लागली म्हणून. लांबनं बघत हुतो. हसलो बी असंन.”

एवढंच बोलून ती निघाली. बापूंनी पिशवी उचलून परत तिच्या हातात दिली.

“वैनी, हे मी घेणार न्हाई. ज्याच्या अंगात हुतं तेनं आणून द्यायचं. उद्या सकाळी सहाला, गांधी मैदान. सांगा तेला, बापूंनी बोलवलंय, जमा करून घ्यायला.” मग कट्ट्याकडं वळून: “आणि तुम्हीबी या. ज्याला ज्याला ते पाऊल दिसलंय, तेनं पोस्टात उभं ऱ्हायचं. मायकेल मारणार.”

तीसेक माणसांतली नऊ आली. बाकीच्यांना कामं निघाली. रविवारी सकाळी सहाला कोल्हापुरात काय काम निघतं हे देव जाणे. सरकार मात्र आला होता, टेम्पो घेऊन. शब्दाला जागायची त्याची एक पद्धत आहे, फक्त पैशाच्या शब्दाला ती लागू होत नाही.

मायकेल आला. दोन महिन्यांचे पैसे थकलेला माणूस रविवारी पहाटे आला, हे नोंदवून ठेवतो. त्याला सांगितलं, डाव्या बाजूनं यायचं, मनात येईल तर क्रॉस, मनात येईल तर शॉट, अर्ध्या ताकदीनं. सरकार पोस्टात उभा राहिला, पोस्टाला पाठ घासून. मायकेलनं क्रॉस टाकला. मास्तरांच्या एका शाळकरी पोरानं रिकाम्या बाजूला डोकं लावलं. गोल. पुढच्या वेळी सरकार एक पाऊल पुढं आला. मायकेलनं जवळून घातला. गोल. मग पुन्हा पोस्टाला चिकटला; पुन्हा क्रॉस. पाचव्या गोलाला सरकार करंगळी धरून खाली बसला आणि ओरडला, “आधी सांग की लेका, कुठं मारणार हायस ते!”

मायकेलला मराठी येतं, शिव्यांसकट. तो हसून खाली बसला. आणि कुंपणापाशी पिशवी घेऊन उभा असलेला सोन्या म्हणाला, “ते सांगत नसतोय, सरकार.”

तो कधी आला होता कुणाला कळलं नव्हतं. पिशवी जमा करून निघून जायचं म्हणून आला असणार. पण दुसऱ्याला चुकीचं उभं राहिलेलं बघणं गोलकीपरला सोसत नाही. त्यानं सरकारचा खांदा धरून त्याला वळवलं. “पोस्टाला चिकटायचं न्हाई आणि सोडायचंबी न्हाई. अर्धं पाऊल. अंगठा चेंडूकडं, वजन पुढच्या पायावर. काल म्या पुरं टाकलं. अर्धं टाकायला पाहिजे हुतं.”

“मग म्या तेच म्हणालोतो की रातभर!” सरकार म्हणाला. “तू चुकलास म्हणून!”

“व्हय. चुकलो.”

यावर सरकारनं पुढचं वाक्य शोधलं. रात्री त्याच्याकडं अशी चाळीस वाक्यं होती. आता समोर माणूस होता, तो हो म्हणत होता, आणि करंगळी ठणकत होती.

“दाव बरं परत,” तो म्हणाला. “अर्धं म्हंजे किती?”

त्या सकाळी पिशवी जमा झाली नाही. सोन्यानं ओले ग्लोव्ज घातले आणि तासभर सगळ्यांचे फटके घेतले. त्यातले बरेच आत गेले. सेक्रेटरींनी वही आणली होती. सरकारनं पाच हजारांतले दोन हजार तिथंच दिले आणि उरलेल्यांची तारीख दिली. तारीख लिहून घेतली. मास्तर बापूंना म्हणाले की डावीकडचा प्रश्न तसाच आहे. तो तसाच होता. टीम खालच्या गटात गेली ती गेली.

बंट्या शिरोलीला गेला तो पुढच्या आठवड्यात. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. चारला पाळी सुटते, तेव्हा फाउंड्रीच्या गेटवर उभा राहिला. इंद्या बाहेर आला. कपड्यांवर मोल्डिंगची काळी वाळू, हातात डबा. बंट्याला बघून थांबला नाही, चालत चालत म्हणाला, “काय रं?”

“ते... गेल्या वर्षीचं. चुकलं आमचं.”

“बापूंनी धाडलं?”

“न्हाई. मीच आलोय.”

“खेळायला ये म्हणायला?”

बंट्या गप्प. थोडं तेही होतंच मनात. डावीकडं खरंच कुणी नव्हतं.

इंद्यानं डबा गाडीला अडकवला. “हितं पगार हाय, भावा. आणि इतवारची सुट्टी. इतवारी म्या झोपतो.”

“बरं,” बंट्या म्हणाला.

“व्हिडिओ हाय अजून?”

“काढून टाकतो की. हितंच, तुझ्यासमोर.” त्यानं घाईनं मोबाइल काढला, बोटानं मागं मागं सरकवत त्या मे महिन्यावर आला आणि अंगठा नेऊन थांबवला.

इंद्यानं त्याचा हात धरला. “नको काढू. ठेव.”

“कशाला?”

“पुढच्या वर्षीबी कुणीतरी गोल खाणारच की,” इंद्या म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.